कर्करोगाच्या उपचारांत वयस्कर रुग्णाची अनेक औषधे सुरक्षितपणे कशी सांभाळावीत

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला कर्करोगाचे निदान होते, तेव्हा त्याचा औषधांचा डबा बहुधा आधीच भरलेला असतो. रक्तदाबाच्या एक-दोन गोळ्या, मधुमेहाची, कोलेस्टेरॉलची, रक्त पातळ ठेवणारी, सांधे दुखले की घ्यायची, झोपेची आणि कोणी सुरू केली हे कुणालाच आठवत नसलेली सकाळची ॲसिडिटीची गोळी. त्यात कर्करोगावरची औषधे, मळमळीवरची, वेदनेची, स्टेरॉइड आणि संसर्ग टाळण्यासाठीची औषधे येऊन मिळतात. पाच किंवा त्याहून अधिक औषधे नियमित चालू असली, की ती वैद्यकशास्त्रात विशेष लक्ष देण्याची बाब मानली जाते. मात्र नुसत्या आकड्याला घाबरण्याचे कारण नाही. हृदयविकार, मधुमेह आणि कर्करोग एकत्र असलेल्या माणसाला आठ औषधांची खरोखर गरज असू शकते आणि तीनच औषधे घेणाऱ्याकडेही त्यांतली दोन एकमेकांशी न जुळणारी असू शकतात. खरा प्रश्न असा, की प्रत्येक औषध कशासाठी आहे, कोणी दिले आणि किती दिवस चालवायचे आहे, हे कुणाला तरी ठाऊक आहे का. हृदयरोगतज्ज्ञ आपल्या औषधांकडे पाहतात, कर्करोगतज्ज्ञ आपल्या. सगळी औषधे एकत्र असतात ती फक्त घरात, म्हणून कामाची सुरुवातही घरातूनच करावी लागते.

सगळी औषधे एका टेबलावर

औषधांची यादी आठवणीतून करू नये. घरातले प्रत्येक औषध प्रत्यक्ष उचलून एका टेबलावर आणावे: उशाशी असलेले, प्रवासाच्या पिशवीत राहिलेले, फ्रीजमधले इन्सुलिन आणि ‘पुन्हा लागेल’ म्हणून जपून ठेवलेले अँटिबायोटिकसुद्धा. गोळीच्या रूपात नसलेले औषध हमखास यादीतून सुटते. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंब रक्तात शोषले जाऊन नाडी मंद करू शकतात. दम्याचा पंप, त्वचेवर चिकटवायचा वेदनाशामक पॅच, आठवड्यातून एकदा घ्यायची हाडांची गोळी, काही महिन्यांनी एकदा टोचले जाणारे इंजेक्शन, ही सगळी औषधेच आहेत. चिठ्ठीविना आणलेले सर्दीचे सिरप, जीवनसत्त्वे, वनस्पतींचे अर्क आणि काढेही त्याच टेबलावर यावेत. ‘नैसर्गिक आहे’ म्हणून जे सांगितले जात नाही, त्याचाच शोध पुढे यकृताच्या तपासणीचे आकडे बिघडल्यावर घ्यावा लागतो.

गोळ्यांच्या पाकिटातून दोन-दोन, चार-चार गोळ्या कापून ठेवण्याची सवय अनेकांना असते. अशा तुकड्यावर कधी नावाची शेवटची तीन अक्षरे उरतात, कधी नुसताच चंदेरी कोपरा, आणि वापराची मुदत बहुधा दुसऱ्याच तुकड्यावर गेलेली असते. ओळखू न येणारा तुकडा रंगावरून अंदाज बांधून डब्यात भरू नये. तो बाजूला ठेवून फार्मासिस्टला दाखवावा.

मांडणी झाली, की व्यापारी नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव वाचावे. वेगवेगळ्या नावांच्या दोन पाकिटांत एकच औषध असणे, हा प्रकार रुग्णालयातून घरी आल्यावर विशेष घडतो. जुने पाकीट संपलेले नसते आणि डिस्चार्जच्या कागदावर त्याच औषधाचे दुसरे नाव असते. पॅरासिटामॉल तर तापाच्या गोळीत असते, सर्दीच्या संयुक्त गोळीत असते आणि काही वेदनाशामक संयुक्त गोळ्यांतही असते. प्रौढ व्यक्तीसाठी त्याची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम मानली जाते, पण कृश, वयस्कर किंवा यकृताचा त्रास असलेल्या रुग्णासाठी डॉक्टर ती याहून कमी ठरवतात.

यानंतर यादी लिहावी. प्रत्येक औषधासमोर मूळ नाव, मात्रा, वेळ, कारण, कोणी दिले आणि कधीपासून, एवढे असावेच. त्यापुढे आणखी एक रकाना ठेवावा: ‘प्रत्यक्षात कसे घेतले जाते’. उदाहरणार्थ, ‘ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, सकाळी एक, रक्तदाबासाठी, हृदयरोगतज्ज्ञ, चार वर्षांपासून, पाय सुजतात म्हणून एक दिवसाआड घेतात’. हा शेवटचा रकाना माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे आणि तो भरताना रुग्णाला दोष देऊ नये, नाहीतर खरे उत्तर मिळत नाही. रुग्ण निम्मीच गोळी घेत असेल आणि डॉक्टरांना ते ठाऊक नसेल, तर औषध पुरेसे नाही असे समजून मात्रा वाढवली जाते; पुढे रुग्णालयात दाखल झाल्यावर ती वाढलेली मात्रा पहिल्यांदाच नेमाने पोटात जाते आणि रक्तदाब एकदम उतरतो. यादीच्या माथ्यावर रुग्णाचे अलीकडचे वजन, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) शेवटचा आकडा आणि यादी केल्याची तारीख लिहावी.

या यादीची खरी परीक्षा रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो तेव्हा होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्यासारखी हानी कमी करण्याची जी मोहीम सुरू केली, तिच्या तीन प्रमुख विषयांत अनेक औषधे एकत्र घेणे हा एक विषय होता आणि उपचारांच्या एका जागेवरून दुसरीकडे जाणे हा दुसरा. डिस्चार्जच्या दिवशी जुनी यादी आणि नवा कागद शेजारी ठेवून डॉक्टरांना किंवा परिचारिकेला तीनच प्रश्न विचारावेत: नवे काय, बंद काय, कशाची मात्रा बदलली. एखादे जुने औषध नव्या कागदावर नसेल, तर ते मुद्दाम बंद केले की लिहायचे राहिले, हे तिथेच स्पष्ट करून घ्यावे आणि मगच निघावे.

तपासणीचा आकडा ‘नॉर्मल’ असला तरी

वयाबरोबर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता घटते, यकृताकडे जाणारे रक्त कमी होते, स्नायू झडतात आणि शरीरातील पाण्याचे प्रमाण उतरते. त्यामुळे चाळिशीत मानवलेली मात्रा ऐंशीत जास्त ठरू शकते. यातली मूत्रपिंडाची बाजू अधिक फसवी आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते. स्नायूच कमी असतील तर क्रिएटिनिनही कमी तयार होते आणि अहवालात आकडा चांगला दिसतो. मूत्रपिंडे मिनिटाला किती रक्त गाळतात याचा अंदाज देणारे, कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ मध्ये दिलेले सूत्र आजही औषधाची मात्रा ठरवताना वापरले जाते: १४० मधून वय वजा करायचे, त्याला किलोमधल्या वजनाने गुणायचे आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचे, स्त्री असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणायचे. क्रिएटिनिन १.० असलेल्या ४० वर्षांच्या, ७० किलो वजनाच्या पुरुषाचे उत्तर मिनिटाला सुमारे ९७ मिलिलिटर येते. तेच क्रिएटिनिन असलेल्या ८२ वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या स्त्रीचे उत्तर जेमतेम ३१ येते. दोघांच्याही अहवालावर शेरा मात्र ‘नॉर्मल’ असाच असतो.

या फरकाचा परिणाम थेट औषधावर होतो. आतड्याच्या व स्तनाच्या कर्करोगात दिल्या जाणाऱ्या कॅपेसिटाबिनची सुरुवातीची मात्रा हा आकडा ३० ते ५० असताना साधारण पाऊणपट केली जाते आणि ३० च्या खाली ते सहसा टाळले जाते. मधुमेहावरचे मेटफॉर्मिनही ३० च्या खाली देत नाहीत. हे गणित घरी करून मात्रा बदलायची नसते. पण उपचार सुरू होण्यापूर्वी आणि वजन उतरल्यावर ‘मूत्रपिंडाच्या क्षमतेनुसार मात्रा तपासली आहे का’ असे विचारणे रुग्णाच्या घरच्यांना शोभणारेच आहे.

ज्या जोड्यांबद्दल आवर्जून विचारावे

औषधांच्या आपसांतील परिणामांची पूर्ण सूची कुणाच्याच डोक्यात राहत नाही. ते काम फार्मासिस्टच्या संगणकावर सोपवावे. कर्करोगाच्या उपचारात नेहमी आड येणाऱ्या काही जोड्या मात्र ओळखीच्या असलेल्या बऱ्या.

रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्या रुग्णाला कॅपेसिटाबिन सुरू झाले, तर रक्त धोकादायक प्रमाणात पातळ होऊ शकते. हा परिणाम काही दिवसांत दिसतो, तसाच काही महिन्यांनीही दिसू शकतो; म्हणून आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची, तपासणी एरवीपेक्षा बऱ्याच वेळा करावी लागते. रक्त पातळ करणारी इतर औषधे आणि ॲस्पिरिन यांचाही हिशेब केमोथेरपीत बदलतो, कारण प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, घटतात. प्लेटलेट ५०,००० च्या खाली गेल्या, की ही औषधे चालू ठेवायची, कमी करायची की थांबवायची, याचा निर्णय डॉक्टर नव्याने घेतात. प्रत्येक रक्ततपासणीनंतर प्लेटलेटचा आकडा विचारून घेण्याची सवय यासाठीच लावावी.

ॲसिडिटीची गोळी निरुपद्रवी समजली जाते, पण एर्लोटिनिब, जेफिटिनिब, डासाटिनिब, पाझोपानिब अशा कर्करोगावरच्या गोळ्या नीट शोषल्या जाण्यासाठी जठरातील आम्ल लागते. ओमेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल चालू असेल तर कर्करोगाचे औषध रोज नेमाने घेऊनही रक्तात पुरेसे पोचत नाही. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीला नैराश्यासाठी पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन दिले गेले, तर टॅमॉक्सिफेनचे शरीरात प्रभावी औषधात होणारे रूपांतर अडते; अशा वेळी निवडता येणारी दुसरी औषधे उपलब्ध आहेत. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, बुरशीवरची इट्राकोनाझोलसारखी औषधे आणि ग्रेपफ्रूटचा रस अनेक लक्ष्यवेधी गोळ्यांची (कर्करोगाच्या पेशींतील ठरावीक घटकावर नेम धरणाऱ्या औषधांची) रक्तातील पातळी वाढवतात. क्षयावरचे रिफॅम्पिसिन, फिटवरची फेनिटॉइन व कार्बामाझेपिन आणि सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती ती पातळी उतरवतात. मेथोट्रेक्सेट किंवा सिस्प्लाटिन ही केमोथेरपीची औषधे चालू असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके स्वतःहून घेऊ नयेत, कारण मूत्रपिंडांवर दुहेरी ताण येतो. मळमळीवरचे ऑन्डान्सेट्रॉन, नैराश्यावरचे एसिटॅलोप्राम आणि काही अँटिबायोटिक एकत्र आली, की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो. आधी ईसीजी काढला जातो तो याचसाठी. पार्किन्सनचा आजार असलेल्या रुग्णाला मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड देऊ नये, म्हणून तो आजार कर्करोगतज्ज्ञांना आठवणीने सांगावा.

मॉर्फिन किंवा तत्सम वेदनाशामकाबरोबर झोपेची अल्प्राझोलाम-डायझेपामसारखी गोळी दिली जात असेल, तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. वेदनेसाठी मॉर्फिन नाकारण्याचे हे कारण नव्हे. वेदना सोसत राहण्यात काहीच शहाणपण नाही. झोपेच्या गोळीचा मात्र फेरविचार व्हायला हवा. मॉर्फिन सुरू झाल्याच्या दिवसापासूनच बद्धकोष्ठावरचे औषधही सुरू झाले आहे ना, हेही पाहावे, कारण मळमळ काही दिवसांत बहुधा ओसरते, बद्धकोष्ठ मात्र आपणहून जात नाही.

नवा त्रास आणि नवे औषध

वयस्कर माणसात नवे लक्षण दिसले, की पहिला संशय रोगावर किंवा वयावर घेतला जातो. तो आधी औषधावर घ्यावा. ॲम्लोडिपिनमुळे पाय सुजतात. सूज दिसली म्हणून लघवीची गोळी दिली जाते. लघवीला वारंवार जावे लागते म्हणून मूत्राशय शांत करणारे ऑक्सिब्युटिनिन दिले जाते. त्याने तोंड कोरडे पडते, शौचास होत नाही, रात्री गोंधळल्यासारखे होते. मग त्या गोंधळावर आणखी एक गोळी येते. प्रत्येक पायरीवर डॉक्टरांचा निर्णय त्या क्षणापुरता सयुक्तिक असतो, पण साखळी पाहिली तर पहिले औषध बदलले असते तर बाकीची तिन्ही लागली नसती. म्हणून यादीतली ‘कधीपासून’ ही नोंद अर्धवट सोडू नये. लक्षण कधी सुरू झाले ती तारीख तिच्याशी ताडून पाहिली, की पुष्कळदा उत्तर तिथेच सापडते.

अचानक आलेली गुंगी, पडणे, विस्मरण, भ्रम, उभे राहताना येणारी भोवळ, लघवी अडणे, यांबाबत हे विशेष खरे आहे. सर्दीची क्लोरफेनिरामाइनसारखी जुनी औषधे, ॲमिट्रिप्टिलिन, झोपेच्या गोळ्या आणि मळमळीसाठी दिले जाणारे ओलान्झापिन, या सगळ्यांची गुंगी एकत्र साचते. वयस्करांसाठी जपून वापरावयाच्या औषधांची बीअर्स निकष या नावाची सूची प्रथम १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे वेळोवेळी, २०२३ मध्येही, सुधारली गेली. यांपैकी बरीच औषधे तिच्यात आहेत. सूचीत नाव आहे म्हणून औषध निषिद्ध ठरत नाही. त्या रुग्णाला ते का हवे, याचे उत्तर मात्र डॉक्टरांकडे असले पाहिजे.

खाणे सुटते त्या दिवसांत

केमोथेरपीनंतर उलट्या, जुलाब किंवा तोंडातल्या फोडांमुळे दोन-तीन दिवस खाणे-पिणे जवळजवळ बंद होते आणि नेहमीची औषधे मात्र घड्याळाच्या ठोक्याला पोटात जात राहतात. मोठा अपघात बहुधा अशाच वेळी होतो. पोट रिकामे असताना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेतले, तर साखर धोकादायक उतरते. शरीरातले पाणी कमी झालेले असताना लघवीची गोळी, रामिप्रिल-टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची औषधे, मेटफॉर्मिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन-डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधे मूत्रपिंडांना किंवा शरीराच्या आम्ल-समतोलाला अपाय करू शकतात. याच्या उलट, केमोथेरपीबरोबर दिलेल्या डेक्सामेथासोनने साखर काही दिवस चढलेली राहते. म्हणून उपचाराच्या पहिल्या फेरीआधीच डॉक्टरांकडून अशी एक चिठ्ठी लिहून घ्यावी, की खाणे-पिणे सुटले तर कोणते औषध थांबवायचे, कोणते निम्मे करायचे, साखर दिवसातून किती वेळा पाहायची आणि कोणत्या आकड्याला फोन करायचा. मध्यरात्री उलट्या होत असताना हे ठरवण्याची वेळ येऊ नये.

तापाचेही आधीच ठरवून ठेवावे. केमोथेरपीच्या काळात ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर ती तातडीची स्थिती समजून त्याच वेळी रुग्णालयाशी संपर्क साधावा. आधी तापमान मोजावे, मग पॅरासिटामॉलचा विचार करावा; गोळीने ताप झाकला जातो, संसर्ग जात नाही.

गोळ्या भरणे आणि हाताळणे

आठवड्याच्या कप्प्यांचा डबा उपयोगी आहे, पण कर्करोगाच्या गोळ्या त्यात इतर गोळ्यांबरोबर भरू नयेत. एक तर त्यांचे वेळापत्रक निराळे असते: कॅपेसिटाबिन बहुधा १४ दिवस घेऊन ७ दिवस थांबतात, लेनालिडोमाइड आणि पाल्बोसिक्लिब २१ दिवस घेऊन ७ दिवस थांबतात. सुट्टीच्या दिवसांवर कॅलेंडरमध्ये ठळक फुली मारून ठेवावी. रोज गोळी घेण्याची सवय लागलेल्या माणसाला थांबणेच अवघड जाते. दुसरे असे, की या गोळ्या हाताळणाऱ्यालाही अपायकारक असू शकतात, म्हणून त्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात, देणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि त्या कुटू किंवा तोडू नयेत. गिळता येत नसेल तर पर्याय विचारावा. हळूहळू विरघळणाऱ्या, दीर्घकाळ काम करणाऱ्या कोणत्याही गोळीला कुटण्याची हीच मनाई लागू आहे, कारण दिवसभराची मात्रा एकाच वेळी शरीरात जाते.

जेवणाशी असलेले नाते प्रत्येक गोळीचे वेगळे असते. कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायचे असते. प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या नेहमीच्या अबिराटेरोन गोळीआधी किमान दोन तास आणि नंतर एक तास काही खायचे नसते, कारण अन्नाबरोबर तिचे शोषण अनेक पटींनी वाढते. सांधेवातासाठी दिलेले मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्याने माणसे दगावली आहेत, तेव्हा त्याचा वार पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहावा. गोळी राहून गेली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत, आणि घेतल्यावर उलटी झाली तर विचारल्याशिवाय पुन्हा देऊ नये. फेन्टानिल या वेदनाशामकाचा नवा पॅच लावण्यापूर्वी जुना काढला आहे याची खात्री करावी आणि त्यावर शेकाची पिशवी ठेवू नये. उष्णतेने औषध वेगाने आत जाते.

काय कमी करता येईल

‘हे अजून लागते का?’ हा प्रश्न दर काही महिन्यांनी प्रत्येक औषधासाठी विचारावा. कर्करोगात वजन उतरते, जेवण कमी होते आणि पूर्वी बरोबर असलेली रक्तदाबाची किंवा मधुमेहाची मात्रा आता जास्त होते. जी औषधे दहा वर्षांनंतरचा धोका टाळण्यासाठी दिलेली असतात, त्यांचे गणित आजार पुढे गेल्यावर बदलते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आयुर्मान एक वर्षाच्या आत अपेक्षित असलेल्या ३८१ रुग्णांपैकी काहींचे कोलेस्टेरॉलवरचे स्टॅटिन थांबवण्यात आले; पहिल्या ६० दिवसांतील मृत्यूंत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही आणि थांबवलेल्यांचे जीवनमान काहीसे बरे राहिले. अशा अवस्थेत स्टॅटिन, बरीचशी जीवनसत्त्वे आणि हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या गोळ्या यांवर पहिली चर्चा व्हावी.

थांबवण्याचा निर्णय मात्र घरी होऊ नये. बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारी औषधे), स्टेरॉइड, फिटची औषधे, झोपेच्या गोळ्या, नैराश्यावरची औषधे आणि मॉर्फिन एकदम बंद केल्यास गंभीर त्रास होऊ शकतो. ती टप्प्याटप्प्याने उतरवावी लागतात. एका वेळी एकच औषध बदलावे, म्हणजे काय झाले ते कळते. थांबवलेले औषध यादीतून खोडून टाकण्याऐवजी ‘बंद’, तारीख आणि कारण असे लिहून खालच्या भागात ठेवावे, नाहीतर दुसरे डॉक्टर तेच पुन्हा सुरू करतात. उरलेल्या गोळ्या डब्यातून त्याच दिवशी काढाव्यात आणि त्यांची विल्हेवाट कशी लावायची ते फार्मासिस्टला विचारावे; कर्करोगाच्या आणि मॉर्फिनसारख्या गोळ्या कचऱ्यात किंवा मोरीत टाकून मोकळे होऊ नये.

आजार वाढत असेल, तर गिळणे कठीण होण्याआधीच वेदनेचे, मळमळीचे आणि अस्वस्थतेचे औषध द्रव, पॅच, जिभेखाली किंवा त्वचेखाली टोचून कसे देता येईल, हे विचारून ठेवावे, आणि ती पर्यायी औषधे कोण, कुठून आणि रात्री-अपरात्री कशी मिळवून देणार, हेही यादीच्या मागच्या बाजूला लिहून ठेवावे.